करून दाखवा, पण सलग दाखवा

१९४९ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात विल्यम बार्नार्ड नावाचे एक विक्रेते टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. समोर टेबल, टेबलावर त्यांचा व्हिटामिक्स मिक्सर, आजूबाजूला खाण्याचे जिन्नस. डब्ल्यूईडब्ल्यूएस या स्थानिक वाहिनीवरचा अर्धा तास त्यांच्या कंपनीनं घेतला होता. तो सगळा वेळ ते बोलत राहिले आणि बोलता बोलता यंत्र चालवून दाखवत राहिले. टीव्हीवरच्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या जाहिरातींचा इतिहास सांगणारे बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात. ती जाहिरात आजही पाहायला मिळते. ज्यांनी कधी एखादी वस्तू चारचौघांत चालवून विकली आहे, त्यांनी ती जरूर पाहावी.

मी अशा वस्तू विकल्या आहेत. माझ्या नोकरीची बरीच वर्षं मिक्सर आणि फूड प्रोसेसरचे डेमो देण्यात गेली. दादरच्या दुकानांत, पुण्या-ठाण्याच्या ग्राहक प्रदर्शनांत, दिवाळीच्या तोंडावर कोल्हापूर-सांगलीच्या मंगल कार्यालयांत मी उभी राहिले. हळकुंड, सुकं खोबरं, भिजवलेली डाळ, इडलीचे तांदूळ हे माझं सामान. त्या अनुभवावरून एक गोष्ट मी खात्रीनं सांगते. समोर करून दाखवलेल्या वस्तूवर लोक विश्वास ठेवतात, कारण ती तिथंच, सगळ्यांदेखत बंद पडू शकते. हा धोका विकणाऱ्यानं पत्करलेला असतो आणि पाहणाऱ्याला तो दिसत असतो. हा धोका काढून घेतला, की प्रात्यक्षिकाचा नुसता देखावा उरतो. आज मोबाईलवर आणि टीव्हीवर आपल्याला जे दाखवतात, त्यातलं बरंचसं हा देखावाच आहे. त्याला आवर घालायला हवा, एवढंच मला सांगायचं आहे.

सुरुवातीच्या स्थानिक टीव्हीवर हा धोका आपोआपच होता. डब्ल्यूईडब्ल्यूएस ही ओहायो राज्यातली पहिली टीव्ही वाहिनी. ती १७ डिसेंबर १९४७ ला सुरू झाली. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९४८ मध्ये, अमेरिकी सरकारनं नव्या वाहिन्यांना परवाने देणं थांबवलं आणि ही बंदी १९५२ पर्यंत टिकली. तोवर देशभरात जेमतेम शंभरच्या आसपास वाहिन्या होत्या. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याला जोडणारी, चित्र वाहून नेणारी यंत्रणा १९५१ मध्ये पुरी झाली. तोपर्यंत प्रत्येक शहराच्या वाहिनीला दिवसाचे कितीतरी तास आपल्याच बळावर भरून काढावे लागत. वेळ भरपूर आणि गिऱ्हाईक थोडं, त्यामुळे शहरातल्या छोट्या उत्पादकालाही पंधरा मिनिटं किंवा अर्धा तास विकत घेता येई. आणि चित्रफितीवर मुद्रण करणारं व्यवहार्य यंत्र बाजारात आलं ते १९५६ साली. त्याआधी स्टुडिओत जे घडे ते बहुतेक वेळा त्याच क्षणी घरोघरी दिसे. हात थरथरला तर थरथरलेला दिसे, झाकण उडालं तर उडालेलं दिसे.

पाहणारेही एकेकटे नव्हते. १९५० साली अमेरिकेत शंभरातल्या सुमारे नऊच घरांत टीव्ही होता. शेजारीपाजारी एकाच खोलीत जमून पाहत. आपल्याकडे मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, तेव्हाची चाळीतली खोली ज्यांना आठवते, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. दहा जण एकत्र पाहतात तेव्हा एखादी बाई म्हणते, ‘‘हे काही खरं नाही,’’ आणि दुसरी म्हणते, ‘‘थांब, बघू तर दे.’’ दुकानातल्या डेमोला लागते ती गर्दी या खोलीत तयारच होती.

ही कला टीव्हीनं निर्माण केलेली नाही. ती रस्त्यावरून, जत्रेतून, दुकानाच्या दारातून आली. शिकागोच्या मॅक्सवेल स्ट्रीटच्या बाजारात रॉन पोपील हा तरुण स्वयंपाकघरातली अवजारं विकायचा. नंतर वूलवर्थच्या दुकानात उभा राहून तो भाज्या चिरून दाखवू लागला. त्याचे वडील सॅम्युएल पोपील हे अशा अवजारांचे कल्पक कारखानदार. त्यांचं ‘चॉप-ओ-मॅटिक’ भाज्या इतक्या भराभर चिरायचं, की विक्रेत्याला दिवसभराच्या भाज्या वाहून नेणं अवघड होऊन बसलं. मग डेमो एकदाच चित्रित करावा आणि टीव्हीवर दाखवावा, असा मार्ग निघाला. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. कारण मीही कांद्याच्या पिशव्या रिक्षातून उतरवल्या आहेत. दर अर्ध्या तासाला नवा घोळका जमतो आणि त्याला नवा कांदा लागतो. आधीच चिरलेल्या कांद्यावर कोणी यंत्र विकत घेत नाही.

रॉन पोपील यांची दुसरी गोष्ट शिकण्यासारखी आहे. वस्तू बनवतानाच ती लोकांसमोर कशी दिसेल, याचा ते विचार करत. १९९८ साली त्यांनी कोंबडी भाजण्याची ‘शोटाइम’ ही भट्टी आणली. तिचं दार पारदर्शक आणि मागे कललेलं ठेवलं, म्हणजे आत फिरणारी कोंबडी प्रेक्षकाला नीट दिसावी. यंत्रानं आपलं काम उघड्यावर करावं, हा त्यामागचा विचार. मिक्सरच्या भांड्याचं झाकण पारदर्शक असलं, तर डेमोत आम्हाला किती सोपं जायचं हे मी सांगू शकते. आत काय चाललं आहे ते बाईला दिसलं पाहिजे. माझ्या शब्दांवर तिनं का विश्वास ठेवावा?

कोल्हापूरच्या एका प्रदर्शनातला प्रसंग मला कायम धडा देत आला. कांदा-लसूण मसाल्याचे दिवस होते. मी खोबरं वाटायला घेतलं, तेवढ्यात पुढे उभ्या असलेल्या बाईंनी पिशवीतून स्वतःची खोबऱ्याची वाटी काढली. म्हणाल्या, ‘‘ताई, तुमचं खोबरं नको. हे माझं घ्या. बघूया वाटतंय का.’’ मी तुकडे केले, त्यांच्या आग्रहाखातर भांडं गच्च भरलं आणि बटण फिरवलं. मोटर घरघरली आणि बंद पडली. मंडपात शांतता. मी मिक्सर आडवा केला, बुडाशी असलेलं लाल बटण सगळ्यांना दाखवलं आणि म्हटलं, ‘‘काकू, भार जास्त झाला की मोटर जळू नये म्हणून ही आपणहून थांबते. दोन मिनिटं निवू द्यायची, हे बटण दाबायचं आणि भांडं अर्धंच भरायचं.’’ दोन मिनिटं सगळे तिथंच थांबले. मग अर्ध्या भांड्यात खोबरं बारीक झालं. काकूंनी चिमूटभर बोटांवर घेऊन चोळून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘आता कळलं.’’ त्यांनी मिक्सर घेतला, आणि मागे उभ्या असलेल्यांपैकीही काही जणींनी घेतला. बंद पडलेलं यंत्र विकलं गेलं, कारण ते कधी बंद पडतं आणि पुन्हा कसं चालू होतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

अमेरिकेतही असा एक प्रसंग गाजला. १९५४ साली वेस्टिंगहाऊसच्या फ्रिजची जाहिरात थेट प्रक्षेपणात चालू असताना फ्रिजचं दार काही केल्या उघडेना. लोक हा प्रसंग बेटी फर्नेस या प्रसिद्ध निवेदिकेच्या नावावर घालतात, पण त्या दिवशी त्यांच्या जागी जून ग्रॅहॅम होत्या. तरीही त्या कंपनीच्या जाहिराती पुढे कितीतरी वर्षं फर्नेस यांनीच केल्या, आणि त्यांच्यावरचा लोकांचा विश्वास ओसरला नाही. १९६७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ग्राहकहिताच्या प्रश्नांवर विशेष सहायक म्हणून नेमलं, ते याच बेटी फर्नेस यांना. फ्रिज विकणारी बाई ग्राहकांची बाजू मांडणारी झाली. मला यात काहीही विसंगत वाटत नाही. रोज लोकांसमोर वस्तू चालवून दाखवणाऱ्याला वस्तू कुठं कमी पडते, हे इतर कोणाहीपेक्षा जास्त ठाऊक असतं.

‘स्थानिक’ असण्याचं महत्त्व मला नव्वदच्या दशकात कळलं. तालुक्या-जिल्ह्याच्या गावांत केबलवाल्यांनी स्वतःची शहरवाहिनी सुरू केली होती. एक खोली, एक कॅमेरा, मागे पडदा. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी आम्ही तिथं डेमो द्यायचो आणि संध्याकाळी तो गावभर दिसायचा. दुसऱ्या दिवशी बायका हॉलमध्ये येऊन सांगायच्या, ‘‘काल तुम्हालाच टीव्हीवर बघितलं. ती चटणी परत करून दाखवा.’’ पडद्यावर मी जे केलं, तेच मला दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर करावं लागे. खोटं दाखवण्याची सोयच नव्हती. पत्ता ठाऊक, दुकानदार ओळखीचा, यंत्र बिघडलं तर तोच गावात सापडणार. क्लीव्हलँडमध्येही वेगळं नसणार. बार्नार्ड यांची कंपनी त्याच परिसरातली होती आणि आजही आहे.

मुंबई दूरदर्शनवर हा प्रकार फुलला नाही. तिथं जाहिराती १९७६ मध्ये आल्या त्या मोजक्या सेकंदांच्या. कोणा मिक्सरवाल्याला अर्धा तास मिळणं शक्यच नव्हतं. आपल्याकडे डेमो दुकानात, प्रदर्शनात आणि व्हॅक्यूम क्लीनरवाल्यांच्या रूपानं थेट दारात राहिला. पडद्यावर तो मोठ्या प्रमाणात आला तो उपग्रह वाहिन्यांच्या काळात, टेलिशॉपिंग म्हणून. पण तोवर संकलनाची कात्री हातात आली होती, आणि विक्रेता कुठल्या शहरातला हेही प्रेक्षकाला कळेनासं झालं होतं.

कात्री हातात आली की काय होतं, याचा धडा अमेरिकेनं आपल्या आधी घेतला. १९५९ साली कोलगेट-पामोलिव्ह कंपनीच्या ‘रॅपिड शेव्ह’ या दाढीच्या क्रीमची जाहिरात टीव्हीवर आली. सँडपेपरला क्रीम लावलं, वस्तरा फिरवला आणि एका फटक्यात वाळू साफ. प्रत्यक्षात तो सँडपेपर नव्हताच. प्लेक्सिग्लासवर वाळू भुरभुरवली होती. खऱ्या सँडपेपरला क्रीम लावून सुमारे ऐंशी मिनिटं भिजवावं लागे, तेव्हा कुठं तो साफ होई. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६५ साली निकाल लागला. कंपनीचं म्हणणं होतं की सँडपेपर शेवटी साफ होतोच ना! न्यायालयानं ते मानलं नाही. प्रेक्षकाला ‘हा पुरावा तुम्ही स्वतः पाहताय’ असं सांगून नकली वस्तू दाखवणं हीच फसवणूक आहे, असं न्यायालयानं ठरवलं. त्याच निकालात एक समंजस फरकही केला आहे. स्टुडिओतल्या दिव्यांच्या उष्णतेनं आइस्क्रीम वितळतं म्हणून त्याऐवजी कुस्करलेला बटाटा ठेवायला हरकत नाही, मात्र तो बटाटा दाखवून आइस्क्रीमचा पोत किती छान आहे असं पटवायचं नाही.

साठ वर्षांपूर्वीचं हे तत्त्व आजच्या प्रत्येक रीलला लागू पडतं. तव्यावर डोसा टाकला, पुढच्या क्षणी तो सुटून आला. मधले किती प्रयत्न कापले? डागावर द्रव ओतलं, कॅमेरा हलला, फरशी चकचकीत. ती तीच फरशी होती का? भाजी कापण्याच्या हातयंत्रात टोमॅटोचे कागदासारखे काप पडतात. आतलं पातं नवं आहे, टोमॅटो कडक निवडला आहे, हे मी एका नजरेत ओळखते. नव्यानं संसार थाटलेल्या मुलीला ते कसं कळावं? तिच्या हाती वस्तू येते ती खोक्यातून, आणि दाखवणारा माणूस तिला कधी भेटणार नसतो.

याच्याही पुढची पायरी म्हणजे जिथं दाखवण्यासारखं काही नाहीच, तिथं साक्षीदार उभे करणं. अंगावर घातलेल्या यंत्रानं भरभराट झाली, असं सांगणारे चेहरे आपण टेलिशॉपिंगमध्ये वर्षानुवर्षं पाहिले. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं अशा दैवी यंत्रांच्या टीव्हीवरील जाहिराती महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली बेकायदा ठरवल्या. या निकालाचं मला मनापासून समाधान वाटलं. ज्या वस्तूचं काम करून दाखवता येत नाही, तिच्या विक्रीसाठी प्रात्यक्षिकाचा थाट वापरला जाऊ नये.

कायदा आपल्याकडेही आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आलं. जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वं लागू झाली. त्यांत एक नियम फार मोलाचा आहे. दावा ज्या भाषेत, खुलासा त्याच भाषेत. म्हणजे मराठीतून मिक्सरचं कौतुक करायचं आणि ‘दृश्य संगणकावर तयार केलेले आहे’ हे तळाशी बारीक इंग्रजीत घालायचं, हे नियमाला धरून नाही. दिशाभूल केली तर पहिल्यांदा दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत दंड करता येतो. नियम आहेत, पण प्रात्यक्षिकाकडे त्यांचं पुरेसं लक्ष नाही. म्हणून माझ्या मागण्या अगदी साध्या आहेत.

ज्या क्षणात दावा सिद्ध होतो, तो भाग एकाच सलग दृश्यात दाखवला जावा. वेळ वाचवण्यासाठी मध्ये कापलं असेल, तर खरा वेळ किती लागला हे त्याच भाषेत, वाचता येईल अशा अक्षरांत लिहावं. दाखवलेली वस्तू आणि घरी येणारी वस्तू एकाच मॉडेलची असावी. संगणकानं बनवलेल्या चित्राला प्रात्यक्षिक म्हणू नये. आणि विकणाऱ्याचं नाव, पत्ता, दुरुस्तीची सोय ही माहिती त्याच पडद्यावर असावी. आज कोणीही संगणकाला सांगून न घडलेलं दृश्य घडवून घेऊ शकतो. अशा वेळी या अटी नसतील, तर खरं करून दाखवणाऱ्या प्रामाणिक छोट्या उत्पादकाचं सगळ्यात जास्त नुकसान होणार आहे. सांगलीत बसून चांगली चटणी-यंत्रं बनवणाऱ्याकडे मोठ्या जाहिरातीचे पैसे नसतात. त्याच्याकडे एकच भांडवल असतं, ते म्हणजे यंत्र चालवून दाखवण्याची हिंमत. ती हिंमत आणि नकली दृश्य पडद्यावर सारखंच दिसू लागलं, तर त्यानं कशाच्या जोरावर उभं राहावं?

काही जण म्हणतील, डेमो म्हणजे अर्धसत्यच. खरं आहे. दहा मिनिटांच्या प्रात्यक्षिकात पाच वर्षांचा टिकाऊपणा दिसत नाही. पातं बोथट झाल्यावर काय, सुटा भाग मिळेल का, मोटरचा आवाज वाढेल का, हे माझ्या टेबलावरही कळत नव्हतं. म्हणूनच हमीपत्र, पावती आणि दुरुस्ती केंद्र यांची चौकशी आम्ही गिऱ्हाइकांना करायला लावायचो. पण प्रात्यक्षिक जेवढं सांगू शकतं, तेवढं तरी त्यानं खरं सांगावं. ‘हे यंत्र हे काम एवढ्या वेळात करतं,’ हे एक वाक्य खरं असलं, तर बाकीचे प्रश्न ग्राहक स्वतः विचारू शकतो.

वाचकांना माझं एक सांगणं आहे. पुढच्या वेळी पडद्यावर एखादी वस्तू आवडली, तर तिथल्या तिथे पैसे भरू नका. दृश्य कुठं कापलं आहे ते पाहा. विक्रेत्याला विचारा, ‘‘हे सलग, न कापता दाखवाल का? माझ्या घरातल्या जिनसांवर चालेल का?’’ शक्य असेल तिथं दुकानात जा आणि स्वतःचं खोबरं, स्वतःचं हळकुंड घेऊन जा. लाजू नका. चांगला डेमो देणारा तुमच्यावर रागावणार नाही, उलट त्याला बरंच वाटेल. फसवलं गेलात, तर पावती जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.